मोटार जळत होती की जळाली?

(आपल्या रेडिओ केंद्रावरून प्रसारित झालेल्या भाषणाचा मजकूर)

दुपारची भांडी आवरून, कुणी निवडायचं सूप घेऊन, कुणी शिवणयंत्रावर बसून आमचं ऐकत असाल. आज आम्ही तुमच्याशी इंग्रजीबद्दल बोलणार आहोत. लगेच रेडिओ बंद करू नका. आम्ही कुणी मास्तरीणबाई नाही. आमच्या गटात अकरा जणी आहेत. त्यातल्या दोघी दहावी, एक बारावी, बाकीच्या चौथी-सातवीपर्यंत शिकलेल्या. पण इंग्रजीतल्या एका छोट्या चुकीनं आमचा अख्खा हंगाम कसा बुडाला, ते सांगायला आलो आहोत. त्या चुकीपासून जे शिकलो, तेही सांगणार आहोत. शक्य असेल तर वही-पेन्सिल जवळ ठेवा. नसेल तर नुसते कान द्या.

आमच्या गटानं बँकेचं कर्ज काढून मिरची कांडपाचं यंत्र घेतलं. आम्ही त्याला डंख म्हणतो. डिसेंबरात यंत्र आलं. मार्च, एप्रिल, मे हा आमचा कमाईचा काळ. बाया वर्षाचं तिखट, मसाला याच दिवसांत करून ठेवतात. मार्च अखेरीला एका सकाळी डंख सुरू केला. तासभर छान चालला आणि मोटार जळाली. धूर आला, करपल्याचा वास सुटला, यंत्र गप्प. ओट्यावर लोकांच्या मिरचीची पोती तशीच.

मोटारीची एक वर्षाची गॅरंटी होती. ज्यांनी यंत्र बनवलं ते दुसऱ्या राज्यातले. फोन लावला तर म्हणाले, लेखी कळवा, ईमेल करा, इंग्रजीत करा. आमच्या अध्यक्षताईंची मुलगी कॉलेजात शिकते, पण ती नेमकी परीक्षेला शहरात. मग आम्ही चौघी बसलो, मोबाईल घेतला आणि पत्र लिहिलं. आम्हाला म्हणायचं होतं, ‘आम्ही यंत्र चालू केलं होतं, मोटार जळाली होती, आम्ही ते बंद केलं.’ आम्ही लिहिलं, ‘व्हेन वी वेअर स्टार्टिंग द मशीन, द मोटर वॉज बर्निंग. वी वेअर स्टॉपिंग इट.’

पाठवलं. आम्हाला मोठा अभिमान वाटला. चौघींनी मिळून इंग्रजी पत्र लिहिलं, कुणाच्या पाया पडावं लागलं नाही!

आठ दिवसांनी उत्तर आलं. त्यात लिहिलं होतं की, तुमच्याच पत्राप्रमाणे मोटार जळत असताना तुम्ही यंत्र चालू करत होता. चुकीच्या वापराला गॅरंटी लागू नाही.

आम्ही हबकलो. असं कुठं झालं होतं?

त्या दिवशी गटाच्या बैठकीत आमच्या आक्का होत्या. साठीच्या पुढच्या, चौथी शिकलेल्या, इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. त्या म्हणाल्या, ‘तुम्ही काय लिहिलंय ते मला शब्दाशब्दानं मराठीत सांगा.’ बारावीवालीनं सांगितलं, ‘आम्ही यंत्र चालू करत होतो तेव्हा मोटार जळत होती.’ आक्का ताडकन म्हणाल्या, ‘जळत होती कधी गं? जळाली! आपण चालू केल्यावर तासाभरानं जळाली. जळत असती तर आपण बटन तरी दाबलं असतं का?’

मैत्रिणींनो, चूक इंग्रजी न येणाऱ्या आक्कांनी पकडली. आज आम्हाला सांगायचंय ते एवढंच. ‘जळाली’ आणि ‘जळत होती’ यातला फरक आपल्याला जन्मापासून कळतो. इंग्रजी लिहिताना तो आपण विसरतो, कारण आपण मराठीला बाजूला सारून लिहायला बसतो.

आता नीट समजून घेऊ. चुलीवर दूध ठेवलंय. एक वाक्य, ‘दूध तापत होतं.’ दुसरं वाक्य, ‘दूध उतू गेलं.’ पहिल्यात दूध अजून भांड्यात आहे. काम चाललेलं आहे, पुढं काय होईल ठाऊक नाही. तुम्ही धावलात तर दूध वाचेल. दुसऱ्यात गोष्ट घडून गेली, आता फडकं घ्यायचं आणि ओटा पुसायचा. मराठी शाळेत पहिल्याला अपूर्ण भूतकाळ म्हणतात आणि दुसऱ्याला साधा भूतकाळ. इंग्रजीत पहिला पास्ट कंटिन्युअस, दुसरा पास्ट सिंपल. नावं विसरलात तरी चालेल. दूध भांड्यात आहे की ओट्यावर, एवढं लक्षात ठेवा.

इंग्रजीत चाललेली गोष्ट सांगायची तर दोन तुकडे लागतात. आधी ‘वॉज’ किंवा ‘वेअर’, मग क्रियेला ‘इंग’. ‘द मिल्क वॉज बॉइलिंग.’ मी, तो, ती, ते याला वॉज. आम्ही, तुम्ही, ते सगळे याला वेअर. ‘यू’ म्हणजे तू असो की तुम्ही, त्याला वेअरच. इंग्रजीत अहो-जाहो नाही, पण क्रियापद मात्र आदराचं मिळतं, असं आम्ही गमतीनं म्हणतो.

घडून गेलेली गोष्ट सांगायची तर एकच शब्द बदलतो. स्टार्टचं स्टार्टेड, ओपनचं ओपन्ड, स्टॉपचं स्टॉप्ट. लिहिताना सगळ्यांना शेवटी ई-डी लागतं, पण बोलताना कुठं ‘एड’, कुठं ‘ड’, कुठं ‘ट’ ऐकू येतं. म्हणून पोरं ‘स्टॉप्ड’ वाचतात की ‘स्टॉप्ट’, यावरून त्यांना रागावू नका. बरेच शब्द मात्र आडमुठे आहेत, सरळ रूपच बदलतात. गोचं वेंट, कमचं केम, सीचं सॉ, फॉलचं फेल, ब्रेकचं ब्रोक, ब्रिंगचं ब्रॉट. हे पाठच करावे लागतात. पाढे केले तसे करायचे, रोज पाच.

नाही म्हणायचं असेल, किंवा विचारायचं असेल, तर ‘डिड’ येतो. तो आला की भूतकाळाचं ओझं तो एकटा उचलतो, मूळ शब्द मोकळा होतो. ‘वी डिड नॉट स्टार्ट’. ‘डिड नॉट स्टार्टेड’ नाही. ‘डिड यू गो?’ ‘डिड यू वेंट?’ नाही. डोक्यावर एक हंडा असला की दुसरा कशाला?

मग आमची चूक झाली कशी? आम्ही मनात म्हटलं, ‘मोटार जळाली होती.’ त्यात ‘होती’ दिसली. शाळेत शिकलेलं डोक्यात बसलं होतं, होता-होती-होते म्हणजे वॉज-वेअर. झालं! होती दिसली की वॉज टाकलं, आणि वॉज टाकलं की इंग लावलं. शिवाय इंग लावलं की इंग्रजी भारदस्त वाटतं, हेही खरं सांगतो.

म्हणून पहिला नियम. ‘होती’कडे बघू नका, होतीच्या आधीच्या शब्दाकडे बघा. त्याच्या शेवटी ‘त’ आहे का? जळत होती, चालत होती, रडत होतं. तिथं बहुतेक वेळा वॉज आणि इंग. आणि शेवटी ला-ली-लं आहे का? जळाली, पडला, आलं. तिथं साधा भूतकाळ. ‘जळाली होती’, ‘गेले होते’ असं असलं तरी इंग्रजीत बहुतेक वेळा साधा भूतकाळच पुरतो. ‘काल मी बाजारात गेले होते,’ आपण असं सहज म्हणतो. इंग्रजीत त्याला ‘आय वेंट टु द मार्केट यस्टर्डे’. ‘आय वॉज गोइंग’ म्हटलं तर ऐकणारा म्हणेल, मग मध्येच काय झालं, पोचलात की नाही?

आणखी एक घरगुती खूण. आपल्या मराठीत ‘तिनं मिरची कांडली’ म्हणतात आणि ‘ती मिरची कांडत होती’ म्हणतात. पहिल्यात ‘तिनं’, दुसऱ्यात नुसतं ‘ती’. वाक्यात तिनं, त्यानं, आईनं, वायरमननं असं आलं आणि पुढं केलं-दिलं-आणलं आलं की समजा काम पुरं झालं, इंग्रजीत साधा भूतकाळ घ्या. ‘वायरमननं मोटार उघडली.’ ‘द वायरमन ओपन्ड द मोटर.’ आणि ‘वायरमन मोटार उघडत होता’, तर ‘वॉज ओपनिंग’. उलटं मात्र धरू नका. ‘ती आली’, ‘ती पडली’ यात ‘तिनं’ नाही, तरी काम पुरं झालेलंच आहे. तिथं आपली ला-ली-लं ची खूण वापरा.

आता दोन्ही काळ एका वाक्यात आले तर? आपण रोज असं बोलतो. ‘मी भाकरी करत होते तेव्हा फोन आला.’ एक गोष्ट चाललेली आहे, दुसरी मध्येच येऊन टपकली. चाललेलीला वॉज आणि इंग, टपकलेलीला साधा भूतकाळ. ‘आय वॉज मेकिंग भाकरी व्हेन द फोन रँग.’ हेच ‘असताना’ लावून सांगा. ‘मी भाकरी करत असताना फोन आला.’ त्या असतानाला इंग्रजीत ‘व्हाइल’ आहे. ‘व्हाइल आय वॉज मेकिंग भाकरी, द फोन रँग.’ तेव्हाला व्हेन, असतानाला व्हाइल. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

आणि ही दोन वाक्यं ऐका. ‘पाहुणे आले तेव्हा मी चहा करत होते.’ ‘पाहुणे आले तेव्हा मी चहा केला.’ पहिल्यात पाहुणे यायच्या आधीच आधण ठेवलेलं होतं. दुसऱ्यात पाहुणे आले, बसले, मग सुनबाई उठल्या. कोणत्या सुनेचं कौतुक होईल हे तुम्हाला सांगायला नको! इंग्रजीत तोच फरक. ‘व्हेन द गेस्ट्स केम, आय वॉज मेकिंग टी.’ आणि ‘व्हेन द गेस्ट्स केम, आय मेड टी.’ दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. बरोबर-चूक ठरवायचं ते व्याकरणावरून नाही, घरात खरं काय घडलं त्यावरून. आमच्या पत्राचंही तेच झालं. व्याकरणात मोठी चूक नव्हती. ते वाक्य खोटं होतं, आणि आम्हीच ते लिहून दिलं होतं.

एकामागून एक घडलेल्या गोष्टी सांगताना मात्र सरळ साधा भूतकाळ. ‘ती उठली, अंगण झाडलं, चूल पेटवली, शेतात गेली.’ माळेत मणी ओवल्यासारखे एकापुढं एक. तिथं इंग नको.

आता जरा जपून. मराठी आपल्याला बहुतेक ठिकाणी बरोबर वाट दाखवते, पण चार ठिकाणी पाय घसरतो. ती चार ठिकाणं सांगतो.

पहिलं ठिकाण, रोजच्या सवयीचं. ‘माझी आई पहाटे चारला उठत होती’ किंवा ‘उठायची’, आपण दोन्ही म्हणतो. इथं ‘त होती’ आहे, पण ही एका वेळची चाललेली गोष्ट नाही, ही रीत आहे. इंग्रजीत ‘माय मदर यूज्ड टु गेट अप ॲट फोर’ किंवा नुसतं ‘गॉट अप ॲट फोर एव्हरी डे’. म्हणून विचारायचं, त्या एका वेळी चाललं होतं की रोजचं होतं? ज्या वाक्यात ‘करत होती’च्या जागी ‘करायची’ बसतं, तिथं इंग नको.

दुसरं ठिकाण, मनाच्या आणि मालकीच्या गोष्टी. माहीत असणं, हवं असणं, आवडणं, समजणं, जवळ असणं. ही कामं नाहीत, ह्या स्थिती आहेत. म्हणून त्यांना इंग लागत नाही. ‘मला माहीत होतं’ म्हणजे ‘आय न्यू’. ‘आय वॉज नोइंग’ नाही. ‘आमच्याकडे दोन म्हशी होत्या’ म्हणजे ‘वी हॅड टू बफेलोज’. ‘वी वेअर हॅविंग टू बफेलोज’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल आपण म्हशी जेवत होतो! हसू नका, ते खरंच तसं होतं. कारण ‘वी वेअर हॅविंग लंच’ म्हणजे ‘आम्ही जेवत होतो’, आणि ते बरोबर आहे. तिथं ‘हॅव’चा अर्थ खाणं आहे, जवळ असणं नाही.

तिसरं ठिकाण, बसणं, झोपणं, नेसणं. इथं मराठी उलटी चालते. ‘आजी ओट्यावर बसली होती.’ ‘बाळ झोपलं होतं.’ ‘ती हिरवी साडी नेसली होती.’ ला-ली-लं आहे, पण अर्थ काय? आजी त्या वेळी बसलेलीच होती, बाळ झोपेतच होतं, साडी अंगावर होती. म्हणून इंग्रजीत ‘ग्रँडमदर वॉज सिटिंग’, ‘द बेबी वॉज स्लीपिंग’, ‘शी वॉज वेअरिंग अ ग्रीन सारी’. हरवलेल्या माणसाचं वर्णन इंग्रजीत द्यायची वेळ आली, तर हे शेवटचं वाक्य फार कामाचं आहे.

चौथं ठिकाण, लांबलचक कामाचं. आपल्याला वाटतं, काम खूप वेळ चाललं म्हणजे कंटिन्युअस. तसं नाही. ‘आम्ही दहा तास कांडप केलं.’ ‘वी वर्क्ड फॉर टेन आवर्स.’ दहा तास मोजले म्हणजे सुरुवात आणि शेवट दोन्ही हातात आले, दार बंद झालं. ‘आजी ऐंशी वर्षं जगली.’ ‘शी लिव्हड फॉर एटी इयर्स.’ ऐंशी वर्षं झाली तरी साधा भूतकाळच. काम किती लांब ते विचारायचं नाही, पुरं झालेलं म्हणून सांगतोय का ते विचारायचं.

एवढं बारीक कशाला, असं कुणी म्हणेल. मैत्रिणींनो, जनावराचं उदाहरण घ्या. म्हशीचा विमा आहे, फॉर्म इंग्रजीत आहे. ‘द बफेलो वॉज डाइंग’ म्हणजे म्हैस मरायला टेकली होती, अजून जीव होता. ‘द बफेलो डाइड’ म्हणजे गेली. पहिलं वाक्य वाचणारा विचारेल, मग डॉक्टरला कधी बोलावलं, औषध काय केलं? दुसरं वाचणारा पंचनाम्याचं विचारेल. किंवा दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांना इंग्रजीत सांगायचं आहे की सासूबाई पडल्या. ‘शी फेल’ म्हणजे एकदा पडल्या. नुसतं ‘शी वॉज फॉलिंग’ म्हटलं तर त्यांना वाटेल, परतपरत तोल जातोय का? आणि ‘द चाइल्ड वॉज ड्राउनिंग’ म्हणजे मूल बुडत होतं. त्यात अजून आशा आहे, कुणीतरी उडी मारली असेल. ‘द चाइल्ड ड्राउन्ड’ यात आशा संपली. एका इंगमध्ये माणसाचा जीव मावतो.

आता आमच्या दुसऱ्या पत्राकडे येऊ. आक्कांनी ताबा घेतला. त्या म्हणाल्या, आधी काय काय घडलं ते मला मराठीत सांगा, घड्याळाप्रमाणे. आम्ही सांगितलं, त्यांनी बोटांवर मोजलं. प्रत्येक बोटाला त्या विचारायच्या, ‘चाललं होतं की झालं?’ मगच आम्ही इंग्रजी लिहायचो. ते पत्र असं झालं.

‘वी स्टार्टेड द मशीन ॲट टेन इन द मॉर्निंग.’ चालू केलं, झालं.
‘इट वॉज रनिंग वेल.’ नीट चाललं होतं.
‘ॲट इलेव्हन, व्हाइल वी वेअर पाउंडिंग चिलीज, द मोटर स्टॉप्ट.’ आम्ही कांडत असताना मोटार थांबली. एक चाललेलं, एक टपकलेलं.
‘वी सॉ स्मोक.’ धूर दिसला.
‘वी स्विच्ड इट ऑफ ॲट वन्स.’ लगेच बंद केलं.
‘वी डिड नॉट स्टार्ट इट अगेन.’ पुन्हा चालू केलं नाही.

सहा छोटी वाक्यं. पहिल्या पत्रापेक्षा शब्द सोपे, पण यात जे घडलं तेच आलं. शेवटचं वाक्य आक्कांचं. त्या म्हणाल्या, ‘आपण पुन्हा बटन दाबलं नाही हे लिहा. त्यांना तेच हवंय.’ पत्र लिहून झाल्यावर बारावीवालीनं ते पुन्हा मराठीत उलटून वाचलं, आक्कांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. मगच पाठवलं.

त्यानंतर फोन झाले, बिलाचा फोटो पाठवला, वायरमनकडून मोटार बघून लिहून घेतलं, आणि नवी मोटार आली. नुसत्या काळामुळं मोटार आली असं आम्ही म्हणत नाही. पण पहिलं पत्र प्रत्येक वेळी आडवं येत होतं, आणि दुसऱ्या पत्रानं ते बाजूला सरलं. मोटार जळाल्यापासून नवी बसेपर्यंत सव्वीस दिवस गेले. तेवढ्यात गावातल्या बाया तालुक्याला जाऊन मिरची कांडून आल्या. बँकेचा हप्ता आम्ही प्रत्येकीनं घरातून पैसे घालून भरला. हंगाम गेला तो गेला. खरं म्हणजे गावात यंत्र विकायचं तर तक्रारही गावाच्या भाषेत ऐकून घ्यायला हवी, असं आम्हाला वाटतं. आम्ही ते त्यांनाही कळवलं. पण तोपर्यंत आपल्याला दोन्ही भाषा हाताशी ठेवायला हव्यात.

त्या दिवसापासून आमच्या गटात एक रीत पडली आहे. इंग्रजीत काहीही लिहिलं, मोबाईलनं भाषांतर करून दिलं तरी, ते उलटून मराठीत वाचायचं. वाचणारी एक आणि ऐकणारी दुसरी. ऐकणारीला इंग्रजी येत नसेल तर आणखी चांगलं. कारण ती इंग्रजीला भुलत नाही, ती फक्त विचारते, असं झालं होतं का?

हे घरातही करा. आपल्या राज्यात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. आपल्यापैकी कित्येकींच्या वेळी ते पाचवीपासून होतं. म्हणून पोरं अभ्यास घेऊन आली की आपण म्हणतो, ‘मला नाही येत, बाबांना विचार.’ आता तसं म्हणू नका. पोरानं ‘हिडन’ वाक्य आणलं, कळलं नाही, तरी एक प्रश्न विचारा, ‘बाळा, ही गोष्ट चालली होती की झाली?’ ते मूल स्वतःच विचार करून उत्तर देईल. मास्तरांनी वर्गात जे शिकवलं, त्याचा निम्मा भाग या एका प्रश्नात आहे.

आता जरा उजळणी. आम्ही पाच वाक्यं म्हणतो. प्रत्येक वाक्यानंतर थोडं थांबतो. तुम्ही मोठ्यानं सांगा, वॉज आणि इंग, की साधा भूतकाळ?

एक. लाईट गेली तेव्हा मुलं अभ्यास करत होती.
दोन. लाईट गेली तेव्हा मी कंदील लावला.
तीन. मला तिचा नंबर माहीत नव्हता.
चार. बाळ पाळण्यात झोपलं होतं.
पाच. आजी रोज विहिरीवरून पाणी आणायची.

झालं सांगून? आता उत्तरं. पहिलं, लाईट जाणं टपकलेलं, अभ्यास चाललेला. ‘व्हेन द लाइट्स वेंट आउट, द चिल्ड्रन वेअर स्टडीइंग.’ दुसरं, लाईट गेली, मग कंदील लावला, दोन्ही साधे. ‘व्हेन द लाइट्स वेंट आउट, आय लिट अ लँटर्न.’ तिसरं, माहीत असणं ही स्थिती, इंग नाही. ‘आय डिड नॉट नो हर नंबर.’ चौथं, झोपलेलंच होतं. ‘द बेबी वॉज स्लीपिंग इन द क्रेडल.’ पाचवं, रोजची रीत. ‘माय ग्रँडमदर यूज्ड टु ब्रिंग वॉटर फ्रॉम द वेल.’ तीन बरोबर आली असतील तर शाबास. पाचही आली असतील तर तुमच्या गटाचं पुढचं पत्र तुम्हीच लिहा.

जाता जाता एक आठवण. सावित्रीबाई फुले यांचा ‘काव्यफुले’ हा कवितासंग्रह १८५४ साली निघाला. त्यात त्यांनी इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला आहे. त्या काळात बाईनं अक्षर गिरवणं हेच पाप मानलं जायचं. तरी त्या इंग्रजी शिका म्हणाल्या. मराठी सोडा, असं त्यांनी म्हटलं नाही. त्या स्वतः मराठीतच लिहीत होत्या. आम्हाला त्यातून एवढं कळतं, की नवी भाषा शिकायची ती आपल्या भाषेच्या खांद्यावर उभं राहून.

घरचा अभ्यास सोपा आहे. आज रात्री झोपण्यापूर्वी दिवसभरात काय घडलं ते मराठीत पाच वाक्यांत सांगा. शेजारणीला सांगा, सुनेला सांगा, नाहीतर मनाशी म्हणा. प्रत्येक वाक्याला विचारा, चाललं होतं की झालं? उद्या त्यातलं एक वाक्य इंग्रजीत करून बघा. चुकलं तर चुकू द्या. फक्त उलटून मराठीत वाचायला विसरू नका. आणि गटाच्या बैठकीत एखादी आक्का कोपऱ्यात गप्प बसली असेल, तर तिला पुढं बोलवा. तिला इंग्रजी येत नसेल, पण काय घडलं ते तिला नेमकं ठाऊक असतं.

आमचा डंख आता चालू आहे. या वर्षी तिखट कांडायला या.